इतरांच्या भूमिका ठीक

परीक्षण लिहिण्याची खोड तपकिरीसारखी असते. एकदा लागली की सुटत नाही, आणि शिंका मात्र दुसऱ्यांना येतात. मी बावीस वर्षं आमच्या जिल्ह्याच्या एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहिली. पोटापाण्याची नोकरी बँकेत. परीक्षण हा रात्रीचा उपद्व्याप. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतलं तीन अंकी नाटक रात्री साडेबाराला संपायचं. घरी येऊन दोन वाजेपर्यंत मजकूर खरडायचा आणि सकाळी बँकेत जाता जाता छापखान्यात टाकायचा. मानधन एवढं की नाट्यगृहापर्यंत रिक्षा परवडे, येताना पायी. पण रुबाब काय वर्णावा! मी तिसऱ्या रांगेत टेकलो की पडद्याच्या फटीत एक डोळा दिसे आणि पाठोपाठ "आलाय रे, आलाय" अशी कुजबुज ऐकू येई. जिल्हाधिकारी आले तरी एवढी घबराट होत नसे.

या लेखनाला एक साचा असतो. दोन परिच्छेद कथानक, दिग्दर्शकाला एक चिमटा, नायकाला "आवाजावर मेहनत हवी", नायिकेला "आश्वासक", आणि शेवटची ओळ कायमची ठरलेली : "नेपथ्य, प्रकाशयोजना समाधानकारक. इतरांच्या भूमिका ठीक." या एका ओळीत मी बावीस वर्षांत किती माणसं गाडली असतील, याची मोजदाद नाही.

पुढे नोकरी संपली, परीक्षणं थांबली, खोड राहिली. आता मी तोंडी परीक्षणं करतो. मुंजी, बारशी, गृहप्रवेश, काहीही चालतं. आमची ही म्हणते, "तुम्ही तेराव्याच्या जेवणालासुद्धा 'मठ्ठा पातळ होता' म्हणालात!" आता, पातळ होता हे तिलाही मान्य आहे. पण ते असो.

तर २०२५ सालच्या जूनमध्ये आम्ही उभयता न्यू जर्सीला चिरंजीवांकडे गेलो. जेट लॅग का काय म्हणतात तो उतरतो न उतरतो तोच एका सकाळी चहा पिताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, चार जुलैला शुक्रवार आहे, सुटी आहे. मागे बॅकयार्डमध्ये छोटंसं बार्बेक्यू करतोय. आठदहा माणसं."

"बरं."

"तुम्ही फक्त बसायचं. आणि बाबा, प्लीज... परीक्षण नको."

असं कोणी म्हणालं की परीक्षण लिहिणं हे माझं कर्तव्यच होऊन बसतं. वाचकहो, तेच पुढे सादर करतो आहे.

प्रथम विषयाची ओळख. अमेरिकेच्या उन्हाळ्याला तीन खांब आहेत. मेमधल्या शेवटच्या सोमवारचा मेमोरियल डे, चार जुलैचा स्वातंत्र्यदिन आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे. या तीन दिवशी घराघराच्या मागून धूर निघतो. आपल्याकडे असा धूर दिसला तर लोक बादल्या घेऊन धावतील. तिकडे खुर्च्या घेऊन येतात. १७७६ सालच्या चार जुलैला यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. इंग्रजांपासून सुटल्याचा आनंद आपण जिलेबीने साजरा करतो, हे निखाऱ्यांनी करतात. दोन्हींत गरम काहीतरी लागतं एवढं खरं.

माझा पहिला आक्षेप मुहूर्तावर होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. अशा हवेत शहाणा माणूस विस्तवापासून चार हात लांब राहतो. आपल्या लोकांची अक्कल बघा. हुरड्याची आगटी पेटते ती हिवाळ्यात. रायगडातली पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून भाजायच्या, तीही थंडीतच. आणि आम्ही मूळचे खानदेशातले. आमच्याकडची भरीत पार्टी म्हणजे शेतात काट्याकुट्यांचा जाळ करायचा, त्यात हातभर लांबीची हिरवी वांगी भाजायची, आणि पाठ थंडीने कुडकुडत असताना पोट शेकत बसायचं. विस्तव हा पाहुणचाराचा पहिला पदार्थ, वांगं दुसरा. जुलैच्या उकाड्यात विस्तवाभोवती माणसं जमवणं म्हणजे पाहुण्याला वाळवणासारखं उन्हात घालणं.

हे मी सूनबाईंना ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाबा, थंडीचे पाचसहा महिने हे अंगण आम्ही खिडकीतून बघतो. कधी त्यावर बर्फ असतो, कधी नुसताच चिखल. मग उन्हाळ्यात जेवढं बाहेर बसता येईल तेवढं बसून घ्यायचं. आणि आत ओव्हन लावला तर घर तापतं, ते वेगळंच."

आक्षेप पहिला : फेटाळला. परीक्षकाला असं तोंडावर उत्तर मिळायची सवय नसते. नाटकवाले बिचारे गप्प बसायचे.

दुसरा आक्षेप रंगभूमीविषयी. आपल्याकडे पाहुणा पुढच्या दाराने येतो आणि बैठकीच्या खोलीत बसतो. परस हे घरच्यांचं. तिथे विहीर, अळवाचा वाफा, भांडी घासायचा दगड, आणि दोरीवर जे वाळत असेल ते. पाहुण्याला परसात नेणं म्हणजे त्याला घराची बनियन दाखवणं. इथे उलट. पुढची हिरवळ न्हाव्याकडून आल्यासारखी कापलेली, पण तिच्यावर चिटपाखरू नाही. सगळं आयुष्य मागे. मुलांचा झोका मागे, टोमॅटोचं रोप मागे, तुळससुद्धा मागे, कुंडीत. मी म्हणालो, "लोकांना मागच्या दाराने आणणार तू?"

"बाजूचं फाटक उघडं ठेवणार. लोक सरळ मागे येतात. बेल वाजवायची नाही."

बेल न वाजवता परसात येणारी माणसं आमच्या लहानपणी दोनच, शेजारच्या काकू आणि त्यांची मांजर. म्हणजे ज्याला परसात बोलावलं तो घरचा, असा या प्रकाराचा अर्थ निघतो. पण हे मला त्या दिवशी सुचलं नाही. सुचलं असतं तर आक्षेप नोंदवता आला नसता.

आता यंत्राविषयी. तीन पायांवर उभी असलेली, काळी, गोल, झाकणाची कढई डोळ्यांसमोर आणा. खाली झरोके, वर झाकणालाही झरोके. १९५२ साली शिकागोकडच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांनी ही काढली. ते कामाला होते त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांसाठी धातूचे गोल बनत. त्यांनी एक गोल मधोमध कापला. खालच्या अर्ध्यात विस्तव, वरचा अर्धा झाकण. झालं काम! आणि तिच्यात घालायच्या कोळशाच्या वड्या पाहिल्यात? सगळ्या एका मापाच्या, उशीच्या आकाराच्या. त्यांच्यामागे मोटारवाले हेन्री फोर्ड आहेत. त्या काळी मोटारीत लाकूड पुष्कळ लागे. मिशिगनमधल्या त्यांच्या लाकूडकामात ढलप्या नि भुसा उरे. १९२०च्या दशकात त्यांनी त्याच्या कोळशाच्या वड्या पाडल्या आणि विकायला काढल्या. भाजीच्या देठांची चटणी करणाऱ्या आमच्या मातोश्री नि हेन्री फोर्ड यांत मला तरी तत्त्वाचा फरक दिसत नाही. फरक पडला तो उत्पन्नात.

विस्तव पेटवायच्या भांड्याला हे लोक चिमणी म्हणतात. पत्र्याचं नळकांडं. वर कोळसा भरायचा, खाली वर्तमानपत्राचा बोळा पेटवायचा, आणि पंधरावीस मिनिटांनी वड्यांवर पांढरी राख धरली की निखारे कढईत ओतायचे. वर्तमानपत्राचा हा उपयोग पाहून माझ्यातला लेखक जरा हलला. पण आमच्या दैनिकाचा शेवट बहुधा याहून वाईट ठिकाणी होत असे, हे आठवून सावरलो.

चिरंजीवांनी निखारे कढईच्या एकाच बाजूला ओतले. मी म्हणालो, "अरे, नीट पसर की!"

"मुद्दाम आहे, बाबा. अर्धी जाळी कढत, अर्धी निवांत. कोंबडीची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की भडका उडतो. मग तुकडा उचलून इकडे निवांत बाजूला आणायचा, झाकण लावायचं, म्हणजे आतून शिजतो."

ज्या मुलाने आमच्या घरी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत दुधाखालचा गॅस कधी बंद केला नाही, तो हे बोलत होता. कमरेला एप्रन, एका हातात लांब चिमटा, दुसऱ्यात थर्मामीटर. हो, थर्मामीटर! कोंबडीच्या मांडीत खुपसायचा. आत एकशेपासष्ट फॅरेनहाइट भरलं की कोंबडी खायला लायक. आमच्याकडे कोंबडीला ताप आला तर ती कोणी खात नसे. इथे एकशेपासष्ट ताप आल्याशिवाय शिवत नाहीत.

चार वाजल्यापासून पात्रं प्रवेश करू लागली. आठदहाची मोठी माणसं झाली बारा आणि मुलं पाच. एक कोल्हापूरकर जोडपं, त्यांनी मसाल्याचा डबा बरोबर आणलेला. एक सोलापूरकर, त्याने शेंगाचटणी. एक तेलुगू कुटुंब, सगळे शाकाहारी. दोन पंजाबी, सगळे आहारी. आणि शेजारचे एक निवृत्त अमेरिकन आजोबा नि आजी. त्यांनी एक अख्खं कलिंगड आणलं आणि आपापल्या घडीच्या खुर्च्या. पाहुण्याने खुर्ची घेऊन यावी हे पाहून मी हिच्या कानात म्हणालो, "उद्या हे ताटही आणतील." ही म्हणाली, "तुमच्या गावी भंडाऱ्याला तुम्ही काय घेऊन जात होतात?" आम्ही आपापलं ताट आणि तांब्या घेऊन जात होतो. मी विषय बदलला.

अमेरिकन आजोबा मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे. कढईकडे एकदा पाहून ते सौम्यपणे म्हणाले की सगळं छान आहे, पण याला बार्बेक्यू म्हणत नाहीत. हे झालं ग्रिलिंग. बार्बेक्यू म्हणजे मंद आच आणि लाकडाचा धूर. रात्री चढवलेलं डुक्कर दुसऱ्या दिवशी दुपारी उतरवायचं, वर व्हिनेगरचा आंबट रस्सा. टेक्सासवाले गाईच्या छातीचं मांस करतात, कॅन्सस सिटीवाले टोमॅटोचा गोडसर दाट रस्सा ओततात, मेम्फिसवाल्यांचा जीव बरगड्यांवर. आणि यातला प्रत्येक जण बाकीच्यांना अज्ञानी समजतो. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मिसळीवरून पुणे, नाशिक आणि कोल्हापूर यांचं जे चालतं तेच हे. मी त्यांना सांगितलं की बाराव्या शतकात आमच्याकडच्या कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' नावाच्या संस्कृत ग्रंथात मांस भाजायच्या कृती लिहून ठेवल्या आहेत. आजोबांनी विचारलं, "राजा मंद आचेवर भाजायचा का?" हा खरा समीक्षक. मुद्दा सोडत नाही.

आता मुख्य आक्षेप. बार्बेक्यूमध्ये यजमान पाहुण्यांकडे पाठ करून उभा असतो. आपल्याकडे यजमानाचं काम काय? पंगतीतून वाकून फिरायचं, "घ्या हो, एक तरी घ्या, माझी शपथ आहे", असं म्हणत पानावर आडव्या धरलेल्या हातावर जिलबी सोडायची. आग्रह हा आपल्या जेवणाचा आत्मा. आग्रहावाचून जेवण म्हणजे टाळ्यांवाचून नाटक. इथे चिरंजीव कढईपाशी उभे. भाजलेलं परातीत टाकत आहेत, ज्याला हवं तो उठून घेतो आहे. कुणी विचारत नाही, कुणी शपथ घालत नाही. कोल्हापूरकर तर दोन कणसं खाऊन हात पुसून बसला, तरी त्याला कोणी "हे काय, एवढंच?" म्हणालं नाही. मी बेचैन झालो. माणूस उपाशी गेला तर?

आणि पुरुषमंडळी! बारापैकी सहा पुरुष, सहाही कढईभोवती. एकाच्या हातात चिमटा, पाच जणांच्या हातात सल्ला. "आता उलट." "नको, थांब." "धूर बघ." आपल्या घरात चुलीपासून बारा कोस लांब राहणाऱ्या पुरुषजातीला, चूल परसात नेली की तिचं एवढं प्रेम का यावं? माझा निष्कर्ष असा : विस्तव मध्ये असला की पुरुषांना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सगळे निखाऱ्यांकडे बघून बोलतात. पंजाबी गृहस्थ निखाऱ्यांकडे बघत म्हणाला की त्याची नोकरी गेल्या महिन्यात गेली. कोणी "अरेरे" केलं नाही. सोलापूरकराने नुसतं त्याच्या ताटात एक कणीस ठेवलं. बैठकीच्या खोलीत, सोफ्यावर समोरासमोर बसून, तो हे बोलला असता असं मला वाटत नाही.

एवढ्यात तेलुगू बाईंनी विचारलं, "अंकल, तुम्ही नाटकांवर लिहीत होतात म्हणे?"

मी घसा साफ करतोय तोच चिरंजीव जाळीकडे बघत हसून म्हणाले, "हो तर! माझ्यावरही लिहिलंय त्यांनी. तीन शब्द."

"कोणते?"

"'इतरांच्या भूमिका ठीक.'"

सगळे हसले. मीही हसलो. कोंबडी उलटली गेली.

वाचकहो, ती गोष्ट १९९९ सालची. चिरंजीव इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत त्यांनी हवालदाराचं काम केलं होतं. चार वाक्यं. परीक्षक आपला बाप आहे म्हणून लोक बोट दाखवतील, या भीतीने मी त्याचं नाव घालायचं टाळलं आणि त्या निःपक्षपातीपणाचा मला पुढे कित्येक वर्षं अभिमान होता. सकाळी त्याने पेपर वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि क्लासला गेला. नंतर त्याने नाटकात कधी काम केलं नाही. मी समजत होतो, अभ्यास वाढला.

खरं सांगायचं तर हवालदार चांगला झाला होता. नायक वाक्य विसरला तेव्हा याने स्वतःच्या चारमधलं एक वाक्य आधीच म्हणून वेळ मारून नेली होती. हे मी पाहिलं होतं. लिहिलं नव्हतं.

आता तिथे बसवेना. काहीतरी काम करावं म्हणून कढईपाशी गेलो. चिरंजीव आत कणसं आणायला गेलेले. धूर सगळा अमेरिकन आजींच्या तोंडावर जात होता. मी विचार केला, एवढी भोकं कशाला उघडी? खालची पट्टी सरकवून झरोके लावले, झाकण घातलं, वरचा झरोकाही फिरवून बंद केला. धूर थांबला. आजींनी "थँक यू" म्हटलं. मी कर्तव्य केल्याच्या समाधानात जागेवर येऊन बसलो.

अर्ध्या तासाने झाकण उघडलं तेव्हा कढईत स्मशानशांतता होती. निखारे काळे, कोंबडी पांढरी, थर्मामीटर एकशेदहावर थबकलेला. प्राणवायूशिवाय विस्तव जगत नाही हे मी सातवीत शिकलो होतो; मेणबत्तीवर पेला पालथा घालायचा तो प्रयोग. पण शाळेत शिकलेलं परसात कुठे आठवतं?

सहा पुरुषांनी सहा कारणं सांगितली. कोळसा दमट, वारा पडला, यंत्र जुनं. शेवटी आमची ही उठली. तिचं बालपण चुलीपुढे गेलेलं. खाली वाकून पाहिलं मात्र, म्हणाली, "ही खालची भोकं कोणी लावली?"

मी आकाशाकडे पाहिलं. आकाश निरभ्र होतं.

"माझ्याच हातून लागली असतील, आई," चिरंजीव म्हणाले. "मगाशी राख झाडताना."

मग हिने पदर खोचला. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण फाडून पंखा केला आणि अशी काही वारं घालायला लागली की दोन मिनिटांत कडेच्या एका वडीचा डोळा लाल झाला. चिमणीत दुसरा कोळसा पेटला. पण माणसं भुकेली, मुलं रडकुंडीला. घाईत चिरंजीवांनी निखारे सबंध कढईभर पसरले. निवांत बाजू राहिलीच नाही. चरबी ठिबकली, भडका उडाला, आणि कोंबडी एका अंगाने कोळशाच्या जातीत गेली. दुसरं अंग मात्र झकास. भाजताना जो रंग नि वास येतो त्यामागची रसायनक्रिया लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. आपण तिला खमंगपणा म्हणतो.

जेवणं लागली तेव्हा साडेआठ झाले होते. उजेड उतरत होता आणि हिरवळीवर काजवे निघाले होते. आपल्याकडे ते पावसाच्या तोंडाशी रानात दिसतात, इथे जुलैत, टोमॅटोच्या वाफ्यावर. दूर गावात शोभेचं दारूकाम सुरू झालं. चिरंजीव परात घेऊन फिरले. माझ्यापुढे क्षणभर थांबले. काही म्हणाले नाहीत. कसं झालंय ते विचारलं नाही, घ्या म्हणाले नाहीत. मी एक तुकडा उचलला. ते पुढे गेले.

माझ्या तोंडात परीक्षण तयार होतं. डावी बाजू करपलेली, मीठ किंचित कमी, वेळेचं नियोजन ढिसाळ. ही माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. आग्रहाच्या पंगतीत पाहुण्याला कधी काही म्हणावंच लागत नाही. यजमान वाढतो, आपण नको म्हणतो, तो पुन्हा वाढतो. जेवण कसं झालं हे सांगायची वेळच येत नाही. इथे आग्रह नाही. त्यामुळे आवडलं असेल तर पाहुण्यालाच तोंड उघडावं लागतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानातली खोट काढली, पण स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवेना.

"अरे," मी म्हणालो, "अजून आहे का एक?"

चिरंजीव वळले. "कोणतं? कणीस?"

"ते... मघाचंच. कोंबडी."

"करपलीय, बाबा."

"चालेल. तशीच दे. कडेची."

त्यांनी दिली. ही दुसरीकडे बघू लागली. करपलेल्या बाजूला आमच्या शेतातल्या वांग्याच्या सालीचा वास होता. हे मी परीक्षक म्हणून लिहीत नाही, नुसतंच सांगतो.

लोक गेले. गृहस्थाश्रमाचे नियम अमेरिकेतही तेच, भांडी यजमानांची. चिरंजीव तारेच्या ब्रशने जाळी घासत होते. मी खुर्च्या मिटत म्हणालो, "ते झरोके मी लावले होते."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"तुमच्या बोटांना काजळी होती, बाबा. अजून आहे."

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

ते जाळीकडे बघत म्हणाले, "समोरचा चुकला तर सांभाळून घ्यायचं. हवालदाराला तेवढंच काम असतं."

मी गप्प बसलो. विस्तव अजून पुरता विझला नव्हता, त्यामुळे आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने मी म्हणालो, "त्या नाटकात तू चांगलं काम केलं होतंस." त्यांनी जाळीवर ब्रश एकदा जरा जोरात फिरवला. "कळलं," म्हणाले.

रविवारी आषाढी होती. उरलेली कोंबडी फ्रिजमध्ये मागे ढकलून हिने साबुदाण्याची खिचडी केली. मीठ बरोबर होतं. आणि तसं मी बोलून दाखवलं. हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तरीही साचा मोडवत नाही, म्हणून परीक्षण रीतीप्रमाणे पुरं करतो. प्रयोगाची संहिता जुनी, बांधणी सैल, मध्यंतर लांबलं. नेपथ्य साधं पण घरगुती. प्रकाशयोजना (निखारे, काजवे, दारूकाम) समाधानकारकपेक्षा बरीच वर. ऐन वेळी धावून आलेल्या ज्येष्ठ अभिनेत्रीने एका पुठ्ठ्यावर सबंध अंक तोलला. प्रमुख भूमिकेतील कलावंताने चुका केल्या, पण त्यातल्या सगळ्या त्याच्या नव्हत्या, आणि ज्या त्याच्या नव्हत्या त्याही त्याने आपल्या म्हणून निभावल्या. त्याला यापूर्वीच नावानिशी दाद मिळायला हवी होती. तसं घडलं नाही, हा परीक्षकाचा दोष.

इतरांच्या भूमिका ठीक. इतरांमध्ये मी होतो.